अर्जदाराच्या तोंडी विनंतीवरून

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. चार वर्षांपूर्वी मी एका माणसाचा अर्ज बंद केला, आणि त्याने तो स्वतःहून मागे घेतला असं कागदावर येऊ दिलं. त्याने तो मागे घेतला नव्हता. त्या वेळी तिथे आम्ही तिघं होतो. एक फसला, एकाचा गैरसमज झाला, आणि तिसऱ्याला सगळं कळत होतं. तिसरा मी.

वाईट वाटतंय म्हणून लिहीत नाही. वाईट वाटण्याची सवय होते आणि ती सवय फार सोयीची असते. हल्ली मला राग येतो. स्वतःचा येतो, आमच्या ऑफिसच्या भिंतीवरच्या पडद्याचा येतो, आणि कधीकधी त्यांचाही येतो, ते इतके सरळ होते म्हणून. हा शेवटचा राग नीच आहे. पण आहे.

आमचं ऑफिस या तेलुगू मुलखातल्या शहरात, आबिड्सच्या बाजाराच्या मागच्या बाजूला. कुणाला पिठाची गिरणी, छापखाना, बेकरी असलं काही सुरू करायचं तर जी परवानगी लागते, तिचे अर्ज आमच्याकडे येतात. ज्यांचा अर्ज मी बंद केला, ते तिथे माझे सीनिअर होते. नाव चांगलं चारचौघांसारखं होतं, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना ‘कॉलम साब’ म्हणत. दिवसातून चार वेळा त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघे: “कॉलम रिकामा ठेवायचा नाही, आणि खोटा भरायचा नाही.” अर्जदार तेलुगू असो, मारवाडी असो, जुन्या शहरातला उर्दू बोलणारा असो, हे वाक्य ते आधी मराठीत म्हणत आणि मग त्याच्या भाषेत समजावून देत. मराठीत का, असं एकदा मी विचारलं. म्हणाले, “खरं आधी आपल्या भाषेत बोलावं. जीभ गरम होते.”

हे फक्त ऑफिसपुरतं नव्हतं. काचीगुडा स्टेशनवर आरक्षणाचा फॉर्म भरताना मागे रांग पेटलेली असायची आणि हे गृहस्थ वयाच्या रकान्यापाशी थांबलेले: पूर्ण झालेलं वर्ष लिहायचं की लागलेलं? खिडकीतला माणूस कपाळावर हात मारायचा. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या कागदावर ‘रुग्णाशी नाते’ असं विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, ‘पती, एकतीस वर्षे, अखंड’. नर्सने ते सगळ्या वॉर्डाला वाचून दाखवलं. काकूंना टाके दुखत असताना हसू आवरेना, आणि हे मात्र गंभीर चेहऱ्याने उभे, यात हसण्यासारखं काय आहे ते विचारत.

पँटच्या उजव्या खिशात स्टीलचा गुंडाळणारा टेप असायचा. खिसा कायम फुगलेला. “लोक खोटं बोलतात ते फुटांत बोलतात,” असं त्यांचं संशोधन होतं. नवीन टेबलं आली की ते मोजायचे आणि बिलावरची लांबी खरी आहे का ते बघायचे. एकदा ती दोन इंच कमी निघाली. टेबलवाल्याला तीन हेलपाटे घालावे लागले. साहेब म्हणाले, जाऊ द्या हो. हे म्हणाले, “मी जाऊ देईन सर, पण टेबल इथेच राहणार आहे ना.”

गौलीगुड्याचा एक भांड्यांचा व्यापारी काम झाल्यावर बदामाच्या बर्फीचा डबा घेऊन आला. कॉलम साबांनी आरडाओरड केली नाही. आवक रजिस्टर उघडलं आणि नोंद केली: ‘बर्फीचा एक डबा आला. तोच डबा परत गेला. वजन तपासलेले नाही.’ खाली व्यापाऱ्याची सही घेतली. तो बिचारा सही करताना घामाघूम झाला. नंतर त्याने सगळ्या बाजारात सांगितलं, पागल है, मगर काम करता. आमच्या खात्याबद्दल कुणी चांगलं बोलल्याचं मी ऐकलेलं हे एकमेव उदाहरण.

मी नांदेडकडचा, बौद्ध. वडील रेल्वेत होते म्हणून आम्ही इथे. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात तिघांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. दोनदा विचारण्याचा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. कॉलम साबांनी एकदाच विचारलं, हजेरीपटावर त्याचं स्पेलिंग नीट लिहिलं, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा माझ्याकडे सरकवला. आत थालीपीठ होतं. म्हणाले, “घरच्या भाजणीचं आहे. तिखट आहे. आधी सांगितलेलं बरं.” पुढची वीस वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. मला ते ‘ज्युनिअर’ म्हणत. पत्र कसं लिहायचं, टिपणी कशी ठेवायची, ‘नाही’ हा शब्द कारणाशिवाय का लिहायचा नाही, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. नाही म्हणायला कारण लागतं, हे तर फारच नीट शिकलो. पुढे त्याचाच उपयोग केला.

त्यांच्या निवृत्तीच्या दोनेक वर्षं आधी आमच्या भिंतीवर मोठा पडदा आला. धंदा सुरू करणं कुठे किती सोपं आहे, याच्या याद्या निघायला लागल्या होत्या. देशादेशांची यादी, राज्याराज्यांची यादी. वर चढायचं तर अर्ज ठरलेल्या मुदतीत निकालात निघायला हवेत. मुदतीतले अर्ज पडद्यावर हिरवे, मुदत टळली की लाल. लाल आकडा दिसला की वरून फोन. महिनाअखेरीला तर साहेब पडद्यासमोर असे उभे राहत की जणू घरातलं कुणी आत अॅडमिट आहे.

आता सोपं झालं हे खोटं नाही. शहराच्या पलीकडच्या टोकाला काचेच्या इमारती उठल्या, त्यांना खरंच सोपं गेलं. त्यांचे अर्ज भरायलाच माणसं पगारावर असतात. छोट्या माणसाचं काय झालं ते मी सांगतो, मला माहीत आहे, मी ते केलं आहे. पूर्वी तो सात खिडक्या फिरायचा, पण खिडकीत माणूस असायचा आणि त्याला शिव्या देता यायच्या. आता तो एका पडद्यासमोर बसतो आणि पडदा सांगतो, शॉर्टफॉल. म्हणजे अर्जात काहीतरी उणीव आहे, भरून पाठवा. कसली उणीव? फोटो फिका आहे. सही चौकटीबाहेर गेली आहे. अशी उणीव काढली की मुदतीचं घड्याळ थांबतं, आणि उत्तर आलं की पहिल्यापासून सुरू होतं. लाल व्हायला आलेला अर्ज पुन्हा हिरवा. अठ्ठाविसाव्या दिवशी शॉर्टफॉल काढायचा, ही आमच्या ऑफिसची कला होती आणि त्यात माझा हात कुणी धरला नसता. देश वर चढत होता. मी त्याला खालून ढकलत होतो.

निरोप समारंभात कॉलम साब चार वाक्यं बोलले. “तीस वर्षं लोकांचे कॉलम तपासले. आता एक अर्ज स्वतः भरणार आहे. एजंट नाही, पाकीट नाही, खोटा शब्द नाही. परवानगी मिळाली तर समजेन की तीस वर्षं मी खरं काम केलं; नाही मिळाली तर तेही कळेल.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यांनी त्या वाक्यावर सगळं आयुष्य लावलं आहे, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

काचीगुड्यात घराशेजारचं एक शटर, म्हणजे रस्त्यावरचा छोटा गाळा, त्यांनी घेतलं, लहानसं दळणयंत्र आणलं. धंदा ठरलेला: भाजणी. थालीपिठाची, चकलीची, उपासाची. भाजायचं काकूंनी, दळायचं ह्यांनी. त्या भागात जुनी मराठी घरं पुष्कळ. सुनांना भाजायला वेळ नाही आणि सासवांना दुकानातलं पटत नाही, तेव्हा गिऱ्हाईक तयारच होतं. दिवाळीच्या चकल्यांसाठी बायकांनी आधीच नावं देऊन ठेवली होती.

मग त्यांनी अर्ज भरला. खरा भरला.

पोर्टलवर धंद्यांची यादी उलगडते, त्यातून निवडायचं. पिठाची गिरणी होती. भाजणी नव्हती. कुणीही शहाणा माणूस ‘पिठाची गिरणी’ निवडून पुढे गेला असता. हे थांबले. दळण्याआधी भाजतो, मग नुसती गिरणी कशी? खाली शोधत गेले, तर ‘धान्य भाजणे’ असा वेगळा प्रकार सापडला. तो निवडला. पडद्याला काय कळणार की भाजणं म्हणजे काकू, एक कढई आणि एक उलथनं? त्याने भट्टी धरली. झालं, अग्निशमनाचा दाखला आणा, धुराचा दाखला आणा, चिमणीची उंची सांगा. त्यांनी चिमणीच्या रकान्यात लिहिलं, ‘चिमणी नाही. स्वयंपाकघराची खिडकी आहे. उंची तीन फूट आठ इंच.’

दुसरी अडचण रस्त्याची. समोरचा रस्ता वीस फूट लागतो. टेप बाहेर आला. रस्ता निघाला अठरा फूट चार इंच. त्याच गल्लीत आणखी तीन गिरण्या होत्या. एकीच्या कागदावर तो रस्ता वीस फुटी होता, दुसरीच्या बावीस, आणि तिसऱ्याकडे कागदच नसल्यामुळे त्याला रस्त्याचा प्रश्नच नव्हता. तिन्ही जोरात चालत होत्या. यांनी लिहिलं अठरा फूट चार इंच.

मी घरी जाऊन सांगितलं, सार, वीस लिहा. गिरणी निवडा. आठ दिवसांत हातात कागद देतो. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “ज्युनिअर, मग तीस वर्षं मी त्या लोकांना काय सांगत होतो?” काकू आतून म्हणाल्या, आता ह्यांना कोण समजावणार, लग्नाच्या याद्यांतसुद्धा ह्यांनी खाडाखोड होऊ दिली नव्हती.

असा अर्ज मंजूर करता येत नाही. नामंजूर केला तर कारण द्यावं लागतं, वर चौकशी होते, अपील होतं. म्हणून मी शॉर्टफॉल काढत राहिलो. सात काढले. प्रत्येक वेळी ते टोकन घेऊन बाहेरच्या बाकावर अर्जदारांत बसत. मी आत बोलावलं तर म्हणत, “नक्को. अर्जदाराला आत यायचा अधिकार नाही.” प्रत्येक उणिवेला त्यांचं मुद्देसूद उत्तर येई, आणि सोबत पोर्टलमध्ये काय सुधारायला हवं याची यादी, वरच्या साहेबांना प्रतीसह. सहाव्या उत्तरात त्यांनी लिहिलं, ‘सदर उणीव ही केवळ मुदत थांबवण्यासाठी काढलेली दिसते.’ अक्षरशः खरं होतं. माझं नाव त्यांनी कुठेही घेतलं नव्हतं, त्यांच्या मते ते व्यक्तीविरुद्ध नव्हतंच. पण मला मेमो मिळाला. त्याच महिन्यात बढतीची यादी निघायची होती. मी तो मेमो घडी करून पाकिटात ठेवला आणि रोज एकदा काढून वाचत असे. मला माझ्या रागाची खात्री करून घ्यायची होती.

महिन्याचे शेवटचे दिवस, दिवाळी तोंडावर, आणि पडद्यावर आमचा एकच आकडा लालकडे निघालेला. साहेब म्हणाले, काहीही करा, हे संपवा. प्रत्यक्ष पाहणीला इन्स्पेक्टर निघाला, आणि ओळखीचा म्हणून मला सोबत धाडलं. इन्स्पेक्टर तरुण, तेलुगू, वरंगलकडचा. पोरगा वाईट नव्हता. वाटेत मला म्हणाला, हे मोठे अधिकारी होते का, इतके का हट्टी? मी म्हणालो, नाही, आमच्यासारखेच होते.

शटरसमोर त्यांनी पाटी लावली होती: ‘पाहणी चालू असताना अधिकाऱ्यांना चहा दिला जाणार नाही.’ मागे काकू ओशाळून उभ्या. मला बघून कसनुसं हसल्या आणि घरात गेल्या. यंत्र चकाचक पुसलेलं. घरगुती जोडणीवरून वायर ओढायची नाही म्हणून रीतसर तात्पुरती वीज घेतलेली, पावती भिंतीला चिकटवलेली. बाजूला भाजलेल्या धान्याचा डबा. वास असा सुटला होता की इन्स्पेक्टरने दोनदा तिकडे पाहिलं. कॉलम साब त्याला हिंदीत म्हणाले, परवाना हातात आला की तुम्हाला एक पुडा देईन, आत्ता दिला तर लाच होईल.

इन्स्पेक्टर रस्त्याकडे बघून म्हणाला, “सार, मी टेप आणलेला नाही. तुम्ही वीस सांगा, मी वीस बघतो.”

“मी आणलाय ना,” कॉलम साब म्हणाले, आणि खिशातून काढून दिला.

मोजलं. अठरा फूट चार इंच. इन्स्पेक्टरने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. मग यंत्र सुरू करून दाखवा म्हणाला, उगाच, काहीतरी करायचं म्हणून. कॉलम साबांनी खटका दाबला. यंत्र पहिल्यांदाच धान्यावर चालत होतं. एवढ्याशा शटरात कानठळ्या बसवणारा आवाज झाला, पिठाची वाफ उठली, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. हसत होते. डाव्या कानाने त्यांना तसंही कमी ऐकू यायचं.

इन्स्पेक्टर कंटाळला होता. त्याने त्यांच्या कानाशी वाकून तेलुगूत विचारलं, “इंक चाला, सार?” म्हणजे, आता पुरे का, साहेब? हे सगळं थांबवू या का?

त्यांना त्या आवाजात फक्त ‘चाल’ एवढं ऐकू आलं असणार. ते यंत्राकडे हात करून मोठ्याने म्हणाले, “चालू! एकदम चालू!”

मराठीत चालू म्हणजे सुरू आहे. तेलुगूत चालू म्हणजे पुरे, बास. इथल्या माणसाला हे दोन्ही माहीत असतं, बाजारात त्यावर रोज थट्टा होते. हिंदीत बोलले असते तर इन्स्पेक्टरलाही कळलं असतं, कारण हिंदीतला ‘च’ चहातला असतो. पण आनंद झाला की माणूस घरच्या भाषेत बोलतो. आपल्या ‘चालू’तला ‘च’ दातांजवळचा, चमच्यातला. आणि तेलुगूतलाही नेमका तसाच. इन्स्पेक्टरला स्वच्छ ऐकू आलं: पुरे, एकदम पुरे. त्याचा चेहरा सैल पडला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, थँक्यू सार म्हणाला. ते आणखी हसले. त्यांना वाटलं, पास झालो.

इन्स्पेक्टरने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. बरोबर ऐकलं ना मी, असं विचारत होता. मला मराठी येतं, मला तेलुगू येतं. त्या आवाजात दोघांचंही नीट ऐकून हे दोन ‘चालू’ वेगळे करू शकणारा मी एकटा होतो.

मी मान हलवली.

त्याने टॅबलेटवर ‘अर्जदाराची माघार’ हा पर्याय दाबला. हा आमचा सगळ्यात आवडता पर्याय. मंजुरी नाही, नामंजुरी नाही, कारण नाही, अपील नाही. अर्ज हिरवा होऊन गायब होतो. फक्त अर्जदाराच्या फोनवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. कॉलम साबांचा फोन वाजला. चष्म्यावर पीठ बसलं होतं. त्यांनी तो शर्टाच्या टोकाने पुसला, शर्टावरही पीठच. मग फोन माझ्यापुढे धरला.

“ज्युनिअर, तुम्ही वाचा.”

आयुष्यात पाच ओळींची पावतीही न वाचता खिशात न घालणारा माणूस. मेसेजमध्ये आधी लिहिलं होतं की हा क्रमांक अर्ज मागे घेण्यासाठी आहे. क्रमांक त्यानंतर होता. मी सहा आकडे मोठ्याने वाचले. आधीचं वाक्य मनात वाचलं. आकडे टॅबलेटवर गेले. फोन परत देताना मी तो मेसेज पुसला. अंगठा चुकून गेला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. अंगठा चुकून जात नाही. पुसायला दोनदा दाबावं लागतं.

चार दिवसांनी त्यांना कागद गेला: अर्जदाराच्या तोंडी विनंतीवरून अर्ज निकाली. ते ऑफिसला आले, टोकन घेतलं, दीड तास बसले. नंबर आल्यावर माझ्यासमोर कागद ठेवला.

“तुम्ही तिथे होता. मी असं म्हणालो?”

“मशीनचा आवाज होता, सार. मला नीट ऐकू आलं नाही.”

“आणि तो नंबर?”

“तो पाहणीचाच असेल. मी नुसते आकडे वाचले.”

त्यांनी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग म्हणाले, “हौ. आवाज होता. फोन माझाच आहे. म्हणजे मीच म्हणालो असेन.” माझ्यावर संशय घेणं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी संशय घ्यायला स्वतःला निवडलं.

नवा अर्ज करता येत होता. मीच सांगितलं, अगदी मायेने सांगितलं. पण नव्या अर्जात एक प्रश्न असतो: पूर्वी अर्ज मागे घेतला होता का, असल्यास कारण लिहा. लोक तिथे ‘वैयक्तिक’ लिहून मोकळे होतात. त्यांना ते जमेना. मी मागे घेतला असं लिहावं तर आठवत नाही. घेतला नाही असं लिहावं तर पुरावा नाही. रिकामा ठेवायचा नाही, खोटा भरायचा नाही. काकू म्हणाल्या, तीन आठवडे ह्यांनी तो फॉर्म समोर ठेवला होता. दिवाळी आली आणि गेली. ज्या बायकांनी नावं दिली होती त्यांनी दुसरीकडून चकल्या केल्या.

एक दिवस काकूंचा फोन आला. “ह्यांना विसरायला होतंय का हो? ऑफिसात असताना कधी असं झालं होतं? सकाळी मला विचारतात, मी आत्ता चहा नको म्हणालो का? खरं सांगा.” मी म्हणालो, वय झालंय, काकू. हे वाक्य मी बोललो. ज्यांचा डबा मी वीस वर्षं खाल्ला त्या बाईला बोललो.

डॉक्टरांनी कान कमजोर आहे, डोकं ठणठणीत आहे असं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. एक वही केली. आपण काय बोललो ते त्यात लिहायला लागले. मी एकदा गेलो तेव्हा ती उघडी होती. ‘सकाळी सात: दूधवाल्याला एक लिटर म्हणालो. साडेनऊ: शेजाऱ्यांना या बसा म्हणालो, ते बसले.’ जगातल्या सगळ्यांची टेबलं मोजणारा माणूस आता स्वतःचा शब्द मोजत होता.

आणि त्या वर्षी आम्ही यादीत वर गेलो. यादी करणारे काही अर्जदारांना फोन करून विचारतात, त्यात यांचा नंबर निघाला होता. बोलणं टेप होतं आणि ऑफिसला येतं, ते मी हेडफोन लावून ऐकलं. मुदतीत निर्णय झाला का? हौ, झाला. कुणी पैसे मागितले का? नाही. कर्मचाऱ्यांची वागणूक? इथे ते जरा थांबले, उत्तर नेमकं असावं म्हणून. “चांगली. एक कर्मचारी माझ्या हाताखाली शिकलेला होता. मला अक्षर दिसत नव्हतं, त्याने फोन वाचून मदत केली.” पाचपैकी किती गुण? “पाच.” फोनवरची मुलगी गोड आवाजात धन्यवाद म्हणाली.

म्हणजे ज्या देशात धंदा करणं इतकं सोपं झालं त्याच्या हिशेबात त्यांचा अर्ज यशस्वी आहे. आमच्या ऑफिसला ढाल मिळाली. फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे, हसतोय. माझी बढती झाली. लोक मला विचारतात की हे आकडे खरे असतात का. आकडे खरे असतात. एकही आकडा आम्ही खोटा लिहिला नाही, आम्हाला शिकवणारा माणूसच तसा होता. शिव्या मी कुणाला द्यायच्या? पडद्याने मान हलवली नव्हती. इन्स्पेक्टरने मला विचारलं होतं.

यंत्र त्यांनी गल्लीतल्या तिसऱ्या गिरणीवाल्याला विकलं, ज्याच्याकडे कागद नाही. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत दळतो. कॉलम साब अजून त्याच घरात आहेत, तब्येत बरी आहे. मी आठवड्यातून दोनदा त्या रस्त्याने जातो आणि स्कूटर थांबवत नाही.

मी त्यांचं जे देणं लागतो ते अगदी थोडं आहे. त्यांच्या घरी जायचं, काकूंना समोर बसवायचं आणि सांगायचं: सार, तुम्ही माघार घेतली नव्हती, तुम्ही यंत्र चालू आहे म्हणालात, ते मला ऐकू आलं होतं आणि कळलं होतं, मेसेज मी वाचला आणि मीच पुसला. मग हेच माझ्या सहीने ऑफिसला लेखी द्यायचं. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.